‘रिकामे’ पिंप आणि ‘बंद’ पंप : सुरक्षा-नियोजनाच्या भाषेचे परीक्षण

बेंजामिन ली व्होर्फ याचे नाव निघाले की भाषाशास्त्राच्या अभ्यासकापुढे होपी भाषा आणि तिच्यातील कालकल्पना उभी राहते. परंतु व्होर्फने आपला विचार ज्या निबंधात सर्वांत विस्ताराने मांडला, त्याचा आरंभ होपी भाषेपासून होत नाही. तो पेट्रोलच्या पिंपांपासून होतो. १९३९ साली लिहिलेला आणि १९४१ साली एडवर्ड सपीर याच्या स्मृतिग्रंथात प्रसिद्ध झालेला हा निबंध वर्गावर्गातून शिकविला जातो, पण त्याची पहिली काही पृष्ठे बहुधा एखाद्या गमतीदार प्रस्तावनेसारखी उरकली जातात. त्या पृष्ठांवर मात्र भाषाशास्त्रज्ञ बोलत नसून १९१९ पासून हार्टफर्ड येथील एका आग-विमा कंपनीच्या सेवेत असलेला रसायन-अभियंता बोलत आहे, आणि तो जे सांगतो ते तेल व वायूच्या उद्योगात माणसे कशी मरतात यासंबंधी आहे. निबंधाचा हा दुर्लक्षित अर्धा भाग त्या उद्योगातील सुरक्षा-नियोजनाच्या प्रश्नाशी ताडून पाहिला, तर व्होर्फचे बळही कळते आणि त्याचे अपुरेपणही.

व्होर्फचे निरीक्षण थोडक्यात असे. पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ तीच माणसे विडी-सिगारेट ओढतात, थोटके फेकतात. वस्तुतः रिकामी पिंपेच अधिक घातक असतात, कारण त्यांत स्फोटक वाफ कोंडलेली असते. ‘रिकामे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: पात्रात द्रव उरलेला नाही हा एक, आणि जे शून्य, निष्प्रभ, निष्क्रिय आहे ते, हा दुसरा. कामगार पहिल्या अर्थाने शब्द उच्चारतो आणि दुसऱ्या अर्थाप्रमाणे वागतो. व्होर्फच्या मते येथे माणसाला फसविते ती परिस्थिती नव्हे. परिस्थितीला दिलेले नाव त्याला फसविते.

यावर एरिक लेनेबर्ग याने १९५३ साली घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. वाफेने भरलेले पिंप, हवेने भरलेले पिंप आणि कशानेही न भरलेले पिंप हे तीनही भेद इंग्रजीत सहज व्यक्त करता येतात, तेव्हा दोष इंग्रजी भाषेच्या माथी कसा मारता येईल, असा त्याचा रोख होता. आक्षेप रास्त आहे. मराठीच्या बाजूने पाहिले तर तो अधिकच पटतो. रिकामे, रिते, मोकळे, पोकळ, कोरे, ओस अशी शब्दांची केवढी तरी श्रीमंती मराठीपाशी आहे. पण उरणच्या किंवा थळच्या एखाद्या प्रकल्पावर निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे जी कामचलाऊ हिंदी बोलतात, तीत टाकी एकतर ‘भरी’ असते नाहीतर ‘खाली’. कोशातील श्रीमंती तेथे कोणाच्याही उपयोगी पडत नाही. म्हणजे प्रश्न भाषेत काय म्हणता येते हा नसून, त्या जागी, त्या क्षणी, कोण कोणाला काय म्हणतो हा आहे. लेनेबर्ग आपला आक्षेप येथवर आणतो आणि थांबतो. इंग्रजीत भेद करता येतो हे सिद्ध झाल्याने सिगारेट ओढणारा माणूस वाचत नाही.

व्होर्फला मोडीत काढण्यापूर्वी त्याच्या बाजूचे पुरावेही पाहिले पाहिजेत, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी पुढे आलेले आहेत. २००५ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील डेलावेअर राज्यातील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात कंत्राटदाराचे दोन कामगार एका मोठ्या पात्राच्या तोंडाशी नळ पुन्हा जोडण्याची तयारी करीत होते. पात्रात नायट्रोजन सोडलेला होता. आत पडलेले चिकटपट्टीचे वेटोळे काढण्याच्या खटपटीत एक जण बेशुद्ध पडला. त्याला वाचविण्यास धावलेला दुसराही गेला. बंदिस्त जागेत परवान्यावाचून जाऊ नये अशी सूचना तेथे होती. आत नायट्रोजन आहे, प्राणवायू नाही, हे मात्र पात्राच्या तोंडाशी कोठेही लिहिलेले नव्हते. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २००३ सालीच दाखवून दिले होते की १९९२ ते २००२ या काळात त्या देशात नायट्रोजनमुळे गुदमरण्याच्या ८५ घटनांत ८० माणसे दगावली. या वायूला तंत्रज्ञ ‘इनर्ट’ म्हणतात. मराठी परिभाषेने त्यासाठी ‘निष्क्रिय’ हा शब्द पुढे केला. व्होर्फने ‘रिकामे’ या शब्दाच्या भोवती जी समानार्थक मालिका गुंफली होती, तीत नेमका हाच शब्द आहे. रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने निष्क्रिय म्हणजे ज्वलनात भाग न घेणारा; कामगाराच्या कानाला निष्क्रिय म्हणजे काहीही न करणारा, निरुपद्रवी. ज्या गुणामुळे नायट्रोजन पात्राचे आगीपासून रक्षण करतो, त्याच गुणामुळे तो माणसाचा प्राण घेतो, आणि शब्द मात्र पात्राच्या बाजूने बनविलेला आहे. मराठी परिभाषाकारांनी हा शब्द स्वीकारताना मूळ शब्दातील ही एकांगी दृष्टीही स्वीकारली.

दुसरे उदाहरण व्होर्फच्या स्वतःच्या राज्यातले आहे. हार्टफर्डपासून फारशा दूर नसलेल्या मिडलटाउन येथे वायूवर चालणाऱ्या एका वीजकेंद्राचे बांधकाम पुरे होत आले होते. नवे नळ वापरात आणण्यापूर्वी त्यांतील गंज, वेल्डिंगचे कण, कचरा बाहेर काढावा लागतो. त्यासाठी त्या नळांतून प्रचंड दाबाने नैसर्गिक वायूच सोडण्याची रीत या व्यवसायात होती. ७ फेब्रुवारी २०१० रोजी अशा रीतीने बाहेर पडलेला वायू इमारतींच्या आडोशाला साचला व पेटला. सहा कामगार मृत्यू पावले. कामाचे नाव ‘साफसफाई’ असे होते. या नावाखाली कामाच्या वेळापत्रकात बसणारी गोष्ट स्फोटकाच्या हाताळणीइतकी भयंकर असू शकते असे वाचणाऱ्याला वाटत नाही, हे व्होर्फचे म्हणणे येथे अक्षरशः खरे ठरते. तथापि या अपघाताच्या चौकशीतून जो उपाय निघाला तो नाव बदलण्याचा नव्हता. नळ हवेने, वाफेने, पाण्याने किंवा नायट्रोजननेही साफ करता येतात. ज्वालाग्राही वायू वापरूच नये, अशी शिफारस झाली, आणि पुढे तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने स्वतंत्र मानक काढून त्या प्रथेस मनाई केली. धोक्याचे अचूक वर्णन करण्यापेक्षा धोकाच योजनेतून वगळणे केव्हाही श्रेयस्कर, हे सुरक्षा-नियोजनाचे आद्य तत्त्व भाषेच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. नाहीतर त्याला प्रत्येक अपघातात शब्दच दिसू लागतील. व्होर्फचे काहीसे तसे झाले. नायट्रोजनने नळ साफ केला की डेलावेअरचा धोका मागे उभा राहतो, हेही अर्थात खरेच.

परंतु सर्व धोके वगळता येत नाहीत. उरलेल्या धोक्यांसाठी लिहावे लागते, आणि त्या लेखनाची परीक्षा पाहावयाची तर लॉर्ड कलन यांच्या १९९० सालच्या अहवालाइतका मोलाचा ग्रंथ दुसरा नाही. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातील पायपर अल्फा हा तेलमंच जळून गेला. मंचावर २२६ माणसे होती. त्यांपैकी १६५ आणि बचावास आलेल्या नौकेवरील दोघे, असे १६७ जण मरण पावले. देखभाल, दुरुस्ती व नव्या जोडकामाची पुष्कळ कामे तेव्हा मंचावर चालू होती, आणि उत्पादनही थांबविलेले नव्हते. दोन खंडांच्या या अहवालाची ख्याती त्यातील १०६ शिफारशींमुळे आहे. वाङ्मयीन व भाषिक दृष्टीने मात्र त्यातील खरा भाग म्हणजे ‘कामाच्या परवान्या’चे विवेचन. बांधकामावर ज्याला सर्वत्र ‘परमिट’ म्हणतात, त्या साध्या छापील कागदाचे इतके कसून केलेले वाचन भाषाशास्त्राच्या पुस्तकांतूनही सहसा आढळत नाही.

घटनाक्रम असा. द्रवरूप वायू पुढे ढकलणारे दोन पंप होते, ‘ए’ आणि ‘बी’. पंप ‘ए’ देखभालीसाठी थांबविला होता, पण ती देखभाल अजून सुरू झाली नव्हती. त्याच दिवशी कंत्राटदाराच्या माणसांनी याच पंपाच्या नळावरील सुरक्षा-झडप तपासणीसाठी काढली होती. संध्याकाळपर्यंत झडप परत बसविता आली नाही. तिच्या जागी ब्लाइंड फ्लँज, म्हणजे नळाचे तोंड झाकणारी पोलादी चकती, लावली गेली आणि ते काम दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात आले. पंपाचा परवाना वेगळा, झडपेचा परवाना वेगळा. एकात दुसऱ्याचा उल्लेख नाही. अपुऱ्या कामांचे परवाने नियंत्रण-कक्षात न राहता सुरक्षा-कार्यालयात जात. झडपेची जागा पंपापासून अशी दूर व वर होती की पंपाजवळ उभे राहून ती काढलेली दिसत नसे. रात्री पावणेदहाच्या सुमारास पंप ‘बी’ बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांना पंप ‘ए’ देखभालीसाठी थांबविला आहे आणि देखभाल सुरू झालेली नाही, एवढे ठाऊक होते. त्यांनी तो सुरू करण्याचे ठरविले. दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. साक्षीदार व साधने दोन्ही नष्ट झाल्यामुळे कलन यांनी हा निष्कर्ष अधिकाधिक संभाव्य म्हणून मांडला आहे, आणि त्यांच्या लेखनातील हा संयम अनुकरणीय आहे.

येथे कोणता शब्द फसवा होता? एकही नाही. प्रत्येक परवान्यावर जे लिहिले होते ते खरे होते. व्होर्फच्या उपपत्तीला ही घटना पेलत नाही. मात्र त्या रात्री प्रचलित असलेले एकमेव वाक्य, मराठीत सांगावयाचे तर ‘पंप ए बंद आहे’ हे, तपासून पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘बंद’ म्हणजे थांबविलेला, बिघडलेला, उघडून ठेवलेला, कायमचा मोडीत काढलेला, यांपैकी काहीही. दुकान बंद असते, घड्याळ बंद असते, रस्ता बंद असतो. पहिले उद्या उघडेल, दुसरे दुरुस्त करावे लागेल, तिसऱ्याचे काही सांगता येत नाही. ‘बंद’ हे स्थितीचे नाव आहे. ती स्थिती कोणी आणली, कशासाठी आणली आणि ती संपविण्याचा अधिकार कोणाचा, यांतले काहीच ते सांगत नाही. रात्रपाळीने या स्थितीचे एक खरे कारण जाणले होते. दुसरेही एक कारण असू शकते हे त्यांना सांगणारा कोणी नव्हता.

जे. एल. ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली पुस्तकरूपाने निघालेल्या व्याख्यानांत उच्चारांचा जो एक वर्ग वेगळा काढला, त्यात परवाना अचूक बसतो. परवाना काहीही वर्णन करीत नाही; तो देतो, रोखतो, परत घेतो. सही करणे हीच कृती. पण ऑस्टिनने हेही बजावले आहे की समोरच्याने ग्रहण केल्याखेरीज अशी कृती पुरी होत नाही. संध्याकाळी कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाने परवाना पाळी संपताना जमा केला. तो काय सांगतो हे रात्रपाळीच्या एकाही माणसाने त्याच्या तोंडून ऐकले नाही. सही झाली आणि ग्रहण झाले नाही. अहवालात हा सिद्धांत नाही, त्याची तेथे गरजही नाही; परंतु दोन पाळ्यांच्या भेटीत काय बोलले गेले आणि काय राहिले यावर कलन यांनी जो भर दिला, तो न्यायाधीशाच्या स्वभावसिद्ध जाणिवेतून त्याच ठिकाणी येऊन पोहोचतो. त्यातही खेदाची गोष्ट अशी की सप्टेंबर १९८७ मध्ये याच मंचावर एका रिगरचा मृत्यू झाला होता, आणि परवाना व पाळीबदल यांतील उणिवा त्याही वेळी उघड झाल्या होत्या.

अहवालाचे ऋण मान्य करूनही त्याच्या मुख्य शिफारशीविषयी एक शंका नोंदविणे आवश्यक आहे. तपशीलवार सरकारी नियम पाळण्याऐवजी प्रत्येक कंपनीने आपल्या मंचाचे धोके आपण ओळखून, ते कसे आवरले आहेत हे सप्रमाण मांडावे, अशी ही शिफारस होती; ब्रिटनमध्ये १९९२ च्या विनियमांनी ती अमलात आली. तत्त्वतः ती निर्दोष आहे. पण तिने एक नवा लेखनप्रकार जन्माला घातला, आणि लेखनप्रकार आपला वाचक स्वतः ठरवितो. या प्रकाराचा वाचक निरीक्षक असतो. निरीक्षकाला पटविण्यासाठी लिहिलेले शेकडो पानांचे निवेदन झडपेपाशी उभ्या असलेल्या माणसाशी बोलत नाही. विमान-क्षेत्रात याचे प्रत्यंतर आले. २००६ साली अफगाणिस्तानवर निमरॉड जातीचे ब्रिटिश विमान जळून चौदा जण मेले. त्या विमानासाठीही असे सुरक्षा-निवेदन तयार करण्यात आले होते. चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी २००९ च्या आपल्या अहवालात त्या निवेदनाची निर्भत्सना केली व पुढे अशा कागदांना ‘सुरक्षा’ हे नाव न देता ‘जोखीम’ हे नाव द्यावे, असे सुचविले. कारण ‘सुरक्षा-निवेदन’ लिहावयास बसलेला माणूस वस्तू सुरक्षित आहे असे गृहीत धरूनच लेखणी उचलतो. व्होर्फला ही सूचना आवडली असती.

बांधकामाच्या प्रकल्पांवर हा दोष दुणावतो. चालू कारखान्यात यंत्र काल होते तेथेच आज असते; बांधकामावर कालचा मोकळा खड्डा आज भरलेला असतो आणि कालची कोरडी लाइन आज दाबाखाली असते. सुरक्षा-योजना मात्र बहुधा निविदेबरोबर, म्हणजे कामाचा पहिला मुकादम ठरण्यापूर्वी, लिहिली जाते. ‘काळजी घेण्यात येईल’, ‘तपासणी करण्यात यावी’, ‘उपाययोजना केली जाईल’ ही तिची क्रियापदे. मराठी कार्यालयीन गद्याला हा कर्मणी प्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की त्यातला गायब कर्ता कोणाला खटकत नाही. मूळ इंग्रजी मसुद्यातही तो तसाच गायब असतो. वाक्यात कर्ता घालावयाचा म्हटले की नाव घालावे लागते. नाव घालावयाचे म्हटले की त्या नावाच्या माणसाला आधी विचारावे लागते. येथेच नियोजन सुरू होते.

भाषेच्या निवडीचा प्रश्नही कायद्याने समजतो तितका सरळ नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमाने सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याचे बंधन घातले होते. एका गावाच्या गिरणीला हे पुरेसे होते. बिहार, ओडिशा, बंगाल, आंध्र आणि कोकण येथून आलेल्या व दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या टोळ्यांत बहुसंख्या कोणाची? आणि ‘सूचना’ म्हणजे तरी भिंतीवरचा फलकच. फलक बोलतो, पण ऐकले की नाही हे विचारीत नाही.

माहिती आणि आज्ञा यांतील अंतर किती प्राणघातक ठरते, याचे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील उदाहरण जुने नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळाचे इशारे हवामान खाते काही दिवस देत होते. बॉम्बे हाय क्षेत्रातील प्रकल्पाच्या कामगारांची राहण्याची सोय असलेली ‘पी-३०५’ ही बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच राहिली, नांगर तुटून भरकटली आणि १७ मे रोजी बुडाली. सत्तरांहून अधिक माणसे गेली. त्यांत वेल्डर होते, फिटर होते. निर्णय कोणी घ्यावयाचा होता यावर नंतर पुष्कळ वाद झाला, आणि त्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. वादाचे स्वरूप मात्र भाषाशास्त्रीय दृष्ट्या बोलके आहे. हवामानाचा इशारा येऊ घातलेल्या परिस्थितीचे वर्णन करतो. ‘परत फिरा’ ही आज्ञा त्यात नसते. वर्णनाचे आज्ञेत रूपांतर होण्यासाठी मधला एक माणूस लागतो, आणि हा माणूस कोण, वाऱ्याचा कोणता अंदाज आला की त्याने कोणाची परवानगी न घेता बोलावयाचे, हे वादळ दिसण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते. वादळ आल्यावर जो तो दुसऱ्याच्या वाक्याची वाट पाहतो.

या दृष्टीने पाहिल्यास सुधारणेच्या दिशा फारशा गूढ नाहीत, पण त्या सोयीच्याही नाहीत. परवाने खात्यांप्रमाणे किंवा कंत्राटदारांप्रमाणे न ठेवता यंत्राप्रमाणे ठेवले, तर एका पंपाचे दोन कागद एकमेकांना भेटतात. पाळीबदल कागदावर न होता यंत्रापाशी उभे राहून झाला, आणि येणाऱ्याने ऐकलेले आपल्या बोलीत परत सांगितले, तर ग्रहण झाले की नाही ते कळते; भोजपुरीत सांगितले की तेलुगूत, हे गौण. रोज सकाळी होणाऱ्या ‘टूलबॉक्स टॉक’मध्ये आज बोलतो एकटा सुरक्षा-अधिकारी, तेथे रिगरने बोलावे व अधिकाऱ्याने ऐकावे, एवढा पालट केला तरी योजनेत न लिहिलेल्या निम्म्या गोष्टी बाहेर येतील. याला वेळ लागतो, आणि वेळ कंत्राटात मोजलेला नसतो. तो निविदेतच मोजून त्याचे पैसे लावले नाहीत, तर ही सुधारणा कागदावरच राहील.

पंपाला जी पाटी बांधतात तीवर बहुतेक ठिकाणी आजही ‘चालू करू नये’ एवढेच असते. ‘वरची सुरक्षा-झडप काढली आहे, नळाचे तोंड नुसते झाकले आहे, झडप बसविल्याचे झडपवाल्याने स्वतः येऊन सांगेपर्यंत पंप चालू करू नये’ असे लिहिण्यास तीन ओळी पुरतात, आणि त्या लिहिण्याचे व पाटी बांधण्याचे काम कार्यालयाचे नसून ज्याने झडप काढली त्याचे आहे.